एका चिठ्ठीवर तीन शिक्के

माझा रक्तदाब वाढायला आमचे साडू जबाबदार आहेत, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी मीठ, वजन आणि वय अशी तीन कारणं दिली, त्यांत साडूंचा उल्लेख नव्हता. पण डॉक्टर साडूंना भेटलेले नाहीत, एवढं मी इथे नोंदवून ठेवतो.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. या गृहस्थांनी आयुष्यात एकही वस्तू छापील किमतीला घेतलेली नाही. त्यांचा पंखा, त्यांचे बूट, त्यांचा चष्मा, फार काय त्यांच्या दाढेत भरलेली चांदीसुद्धा कुठून तरी ओळखीने, कमी भावात आलेली आहे. आणि तो भाव सांगितल्याशिवाय ते आपल्या घरचा चहा संपवत नाहीत. त्यांचं ऐकता ऐकता आपण स्वतःच्याच घरात फसवून विकलेल्या खुर्चीवर बसलो आहोत, असं वाटायला लागतं.

त्या रविवारी ते आमच्या फ्रिजवर ठेवलेल्या माझ्या गोळ्या चाळत होते. दुसऱ्याच्या फ्रिजवरची औषधं हाताळावीत का, हा प्रश्न वेगळा. साडूंनी एक स्ट्रिप खिडकीच्या उजेडात धरली, किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि यावर सवलत किती मिळते असं विचारलं. मी म्हणालो, औषधावर कसली सवलत. त्यावर ते नुसते हसले. बरं, माझ्याकडे बघून हसले असते तर मी सोडून दिलं असतं. ते माझ्या बायकोकडे बघून हसले.

"लुटतोय तुम्हाला तो कोपऱ्यावरचा," ते म्हणाले. "ह्याच गोळ्या मला तीस टक्के कमीने मिळतात."

मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांचे मीटर आणि लोकांची गाऱ्हाणी तपासतो आहे. मला कोणी लुटू शकतं ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी सांगून टाकलं की पुढच्या रविवारी या, पायी जाण्याच्या अंतरात जेवढी औषधाची दुकानं आहेत त्या सगळ्यांचा भाव लेखी तुमच्यासमोर ठेवतो. असं काही करा म्हणून मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर बायकोने कपबशा उचलता उचलता एकच गोष्ट सांगितली. "भाव काढा, तक्ते आखा, काय हवं ते करा. पण काकांच्या कानावर जाता कामा नये. त्यांना वाईट वाटलं ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही."

काका म्हणजे तेच कोपऱ्यावरचे औषधवाले. ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. माझ्या सासूबाई शेवटचे चार महिने आमच्याकडे अंथरुणावर होत्या. त्या चार महिन्यांत काका रोज संध्याकाळी तीन जिने चढून स्वतः औषधं आणून द्यायचे. कुठली गोळी कधी द्यायची याचा बायकोचा गोंधळ उडायचा, म्हणून ते पाकिटांवर पेनाने सूर्य नाहीतर चंद्र काढून द्यायचे. सूर्य चांगला यायचा, चंद्र मात्र केळ्यासारखा दिसायचा. त्या दिवसांत घरात एवढंच काय ते हसण्यासारखं होतं. तेव्हा बायको म्हणते ते बरोबर होतं, आणि मलाही काकांबद्दल मनापासून माया आहे. पण साडूंचं ते हसू काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर भेटले. त्यांना माझ्या मोहिमेची बातमी आधीच लागली होती. कशी, ते विचारू नका. आमच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दुसरं कोणी तरी मोजत असतं. त्यांनी मला पायरीवर बसवून शिकवणी घेतली. तोंडी भाव म्हणजे निव्वळ गप्पा. दुकानदार आज एक सांगेल, उद्या नाही म्हणेल. प्रत्येक दुकानाचा तारखेसह शिक्का हवा, आणि तोही डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीवरच. मी सरकारी माणूस. बिनशिक्क्याच्या कागदावर माझा स्वतःचाही विश्वास नाही, त्यामुळे मला हे तत्काळ पटलं. निघताना त्यांनी आपल्या गुडघ्याच्या मलमाचीही चिठ्ठी माझ्या खिशात सारली, जाताच आहात तर, म्हणून.

पहिली अडचण भूगोलाची होती. काकांचं दुकान बरोबर गल्लीच्या तोंडाशी आहे. जगात कुठेही जायचं तर काकांच्या समोरूनच जावं लागतं, आणि काकांना दिसल्याशिवाय कोणी जाऊ शकत नाही. म्हणून मी इमारतीच्या मागून, सायकलींच्या छपराखालून, इस्त्रीवाल्याच्या मागच्या अंगणातून निघालो. मध्ये एक कंबरेएवढी भिंत होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणूस भिंत ओलांडतो तेव्हा आधी एक पाय पलीकडे जातो आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. इस्त्रीवाला हातातलं काम थांबवून हे बघत होता. त्याने मला पलीकडे उतरवलं, माझ्या पँटची उसवलेली शिवण दाखवली आणि पुढूनही रस्ता आहे, असं अतिशय नम्रपणे सांगितलं.

पहिलं दुकान अगदी साधं होतं. मालकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून चिठ्ठी वाचली, स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली आणि भाव सांगितला. काकांपेक्षा पाच टक्के कमी. झालं, माझं काम संपलं होतं. आता आभार मानून निघायचं होतं. आणि इथे आमच्या घराण्याचा दोष आडवा आला. आमच्यात दुकानात शिरलेला माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडू शकत नाही. माझ्या वडिलांनी एकदा केवळ दुकानदाराने चार खोकी उघडून दाखवली या संकोचापोटी दोन नंबर लहान बूट विकत घेतले आणि ते सहा वर्षं घातले. मी त्यांचाच मुलगा. मालक माझ्याकडे बघत होते, मी स्ट्रिपकडे बघत होतो. शेवटी घेतली. त्यांनी चिठ्ठीवर "दिले" असा जांभळा शिक्का मारला, खाली तारीख टाकली. शिक्का सुरेख उमटला होता, तेवढंच समाधान.

दुसरं दुकान काचेचं होतं. आत थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि टोकनचं यंत्र. माझा नंबर चौदा. चौदा आल्यावर काउंटरवरच्या बाईंनी माझा मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस विचारला. लग्नाचा वाढदिवस मला आठवेना, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सवलत बारा टक्के होती, पण सभासदांनाच. सभासदत्व फुकट होतं, पण बिल ठरावीक रकमेच्या वर गेलं तरच. मी ते वर नेलं. स्ट्रिपच्या जोडीला एक वजनकाटा घेतला, शेकायची रबरी पिशवी घेतली, ऑडिटरांचं मलम घेतलं, तरी थोडं कमी पडत होतं म्हणून तान्ह्या बाळाची पावडर घेतली. आमच्या घरातलं सगळ्यांत धाकटं बाळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

एवढं करून ते शिक्का मारेनात. बिल छापील आहे, शिक्क्याची गरज नाही, असं बाई म्हणाल्या. मी म्हणालो, गरज कोणाची आहे ते आपण ठरवू नका. मग मॅनेजर आले. शिक्का कुठल्याशा खणात निघाला, पण शाईची गादी वाळून खडखडीत झाली होती. तिच्यावर पाणी टाकणं, ती भिजेपर्यंत थांबणं, आधी रद्दी कागदावर मारून बघणं, यात वीस मिनिटं गेली. तोवर माझ्यामागे टोकन पंचवीसपर्यंतची माणसं उभी राहिली होती आणि त्यांतल्या एकाही माणसाला शासकीय कामकाजाची जाण नव्हती. घरी आल्यावर ऑडिटरांनी मलमाचे पैसे द्यायला नकार दिला. तुलना न करता खरेदी झाली आहे, असा त्यांनी आक्षेप नोंदवला.

तिसऱ्या दुकानात तेच औषध दुसऱ्या नावाने, जवळजवळ एक तृतीयांश किमतीत मिळतं, असं कळलं. हे दुकान अकरा ते एक एवढ्याच वेळात उघडतं. मी कचेरीतून अर्धी रजा टाकून गेलो. तिथल्या गृहस्थांनी आधी मला दहा मिनिटं झापलं. घटक तोच, गुण तोच, आणि शिकलेली माणसं डोळे मिटून महागडी गोळी घेतात. मी मान खाली घालून ऐकलं. मग ते म्हणाले की चिठ्ठीची झेरॉक्स लागेल.

आता झेरॉक्सचं यंत्र त्या भागात एकच आहे, आणि ते काकांच्या दुकानाला लागून आहे.

मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून गेलो. यंत्राचा दिवा इकडून तिकडे जाईपर्यंत मी अर्थसंकल्पावरचा लेख वाचत उभा होतो. शेजारून काकांचा आवाज आला, तब्येत बरी ना? मी कागद खाली न घेता उत्तम आहे म्हणालो. काका म्हणाले, तुमच्या गोळ्या सोमवारीच संपायला हव्या होत्या. मी म्हणालो, थोड्या शिल्लक आहेत. त्यांच्याशी खोटं बोलताना माझे कान तापले होते, हे मी कबूल करतो. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, हे मात्र घरी आल्यावर बायकोने सांगितलं. ती समोरच्या दुकानातून बघत होती.

तिसऱ्या दुकानात कमीत कमी तीन स्ट्रिपा घ्याव्या लागतात असा नियम निघाला. घेतल्या. शिक्काही घेतला. आता चिठ्ठीवर तीन जांभळे शिक्के झाले होते आणि माझ्या कपाटात, मोज्यांच्या मागे, पाच स्ट्रिपा. सगळ्यांत स्वस्त औषध शोधताना मी तेच औषध तीन वेगवेगळ्या भावांनी विकत घेतलं होतं. पण संशोधन म्हटलं की एवढं आलंच.

शनिवारी चौथं दुकान. काउंटरवर नुकतीच परीक्षा पास झालेली एक मुलगी होती. पांढराशुभ्र कोट, भिंतीवर चौकटीत नवंकोरं प्रमाणपत्र. मी भाव विचारला, दहा टक्के सुटतील का विचारलं आणि चिठ्ठी पुढे केली. तिने शिक्के बघितले, तारखा बघितल्या, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. काउंटरमागून स्टूल आणलं, मला बसवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला.

घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं. मला वाटलं, इथेही सभासदत्व आहे. मी सगळी माहिती दिली. मुलांची आठवण येते का? मी म्हणालो, फी भरताना येते. झोप कशी लागते? साडू येऊन गेल्यापासून लागत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. कचेरीत कंटाळा येतो का, असंही तिने विचारलं. अठ्ठावीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे मी जरा सविस्तर बोललो. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. तिने चिठ्ठीचा फोटो काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज औषध नाही देता येणार. पण उद्या या. नुसतं बोलायला आलात तरी चालेल."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या दुकानातून काही न घेता बाहेर पडलो. मला फार हलकं वाटलं. अशी विनयशील मुलं आहेत म्हणून जग चाललं आहे, असं मी बायकोला सांगितलंही.

रविवारी साडू आणि मेहुणी आले. मी तक्ता आखून ठेवला होता, लाल शाईच्या रेघा, दुकानांची नावं, भाव, शेरे. सगळ्यांत वर अर्थातच काकांचं दुकान, कारण त्यांचाच भाव सगळ्यांत जास्त होता. तो टेबलावर पसरून मी घसा साफ केला, आणि दाराची घंटा वाजली.

दारात काका. अंगात दुकानातला कोट, कपाळावर घाम, धाप लागलेली. रविवारची सकाळ म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांची वेळ, आणि माणूस शटर ओढून आला होता. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मी झटक्यात तक्ता ओढला आणि त्याच्यावर बसलो.

काका माझ्याशेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. औषधवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्या मुलीने काल तिथे चिठ्ठीचा फोटो टाकला होता, एक गृहस्थ चार दिवसांत एकच औषध दुकानादुकानातून गोळा करतायत, कोणाच्या ओळखीचे असतील तर सांभाळा, असं लिहून. काकांनी फोटो आज सकाळी उघडला आणि नाव वाचलं.

"एवढ्या गोळ्या कशाला हव्या होत्या तुम्हाला?" काका म्हणाले. "काय झालंय, मला सांगा."

मेहुणीने तोंडावर हात घेतला. काय प्रकार आहे ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. साडू म्हणाले, "छे हो, भलतंच काय. ते तर फक्त भाव—"

आता बघा माझी अवस्था. साडूंचं वाक्य पुरं झालं असतं तर काकांना कळलं असतं की त्यांच्या पाठीमागे मी सबंध आठवडा त्यांना लबाड ठरवत फिरत होतो. हा माणूस तीन जिने धावत चढून आला होता. बायको माझ्याकडे बघत होती, आणि काय बघत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मी आयुष्यात बरेच निर्णय घाईत घेतले आहेत, पण इतक्या घाईत एकही नाही.

"काका," मी म्हणालो, "जगण्यात राम राहिला नाही." आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मेहुणी रडू लागली. साडूंचा रंग उडाला. ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि मागच्या रविवारचं काही मनाला लागलं असेल तर विसरून जा, म्हणाले. त्यांचा तो पंखा, ते सांगू लागले, तीन महिन्यांत जळला होता. बूट चावतात. तीस टक्के कमीने मिळणाऱ्या गोळ्या मुदत संपत आलेल्या असतात आणि त्यांनी त्या कधी घेतलेल्याच नाहीत. मी डोकं धरूनच सगळं ऐकून घेतलं. बायको गडबडीने आत गेली आणि स्वयंपाकघरातून हुंदक्यांसारखा आवाज येत राहिला. नंतर बघितलं तर तिने हसू दाबायला तोंडात हात पुसायचं फडकं कोंबलं होतं.

काकांनी कपाट उघडायला लावलं, मोज्यांमागच्या पाचही स्ट्रिपा जप्त केल्या आणि हुकूम सोडला. यापुढे माझ्या हातात अख्खी स्ट्रिप द्यायची नाही. रोज सकाळी कचेरीला जाताना दुकानात यायचं, एक गोळी त्यांच्यासमोर गिळायची आणि जायचं.

तेव्हापासून रोज सव्वानऊला मी काकांच्या काउंटरसमोर उभा राहतो. गोळी, पाण्याचा पेला, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं असतात, माझ्या खात्यातली असतात, एकदा तर आमचे साहेब होते. त्यांनाही काकांनी विश्वासात घेऊन काही तरी सांगितलं असावं, कारण त्या दिवसापासून साहेब माझ्या टेबलाशी येऊन कसं काय म्हणून विचारतात आणि माझी फाइल स्वतः उचलून नेतात. जीभ बघून झाली की काका विचारतात, कालचा दिवस कसा गेला. आता दुःखी माणसाने रोज काही तरी दुःख आणायला हवं. खोटं किती दिवस पुरणार? चौथ्या दिवसापासून मी खरंच सांगू लागलो. मुलगा आठवडा आठवडा फोन करत नाही. बढती दोनदा हुकली. बायको सासूबाईंच्या आठवणीने मधूनच गप्प होते आणि तिला काय म्हणावं मला सुचत नाही. काका ऐकतात, मध्ये एखाद्या गिऱ्हाइकाला बिल देतात, परत ऐकतात. मग कधी तरी ते त्यांचंही सांगू लागले.

तीन आठवडे झाल्यावर मला राहवेना. अशा माणसाला फसवत राहणं जिवावर येत होतं. परवा दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा मी गोळी गिळण्याआधीच सांगून टाकलं. "काका, मी जीव वगैरे देणार नव्हतो. मी भाव काढत होतो. तुमचाही."

काका काउंटर पुसत होते, ते पुसतच राहिले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या मुलीने लिहिलं होतं ना, दहा टक्के सुटतील का विचारत होते म्हणून. जीव द्यायला निघालेला माणूस सवलत मागत नाही. मला तिथेच शंका आली."

"मग शटर ओढून धावत कशाला आलात?"

"शंकाच होती. खात्री थोडीच होती," काका म्हणाले. "आणि येऊन बघतो तर तुम्ही तक्त्यावर बसलेले. लाल रेघा दोन्ही बाजूंनी दिसत होत्या."

माझे कान पुन्हा तापले. मी विचारलं, मग हे तीन आठवडे रोज गोळी गिळायला लावणं, जीभ बघणं, हे सगळं कशासाठी?

काकांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "बावीस वर्षं येताय दुकानात. माझ्याकडे महाग मिळतं, एवढं एक वाक्य तुम्हाला माझ्या तोंडावर बोलता येईना. त्यापेक्षा मरायला तयार झालात. म्हटलं, या माणसाशी आपली अजून ओळखच झालेली नाही."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी गोळी गिळली.

"जीभ," काका म्हणाले.

मी दाखवली.